एक बटण उजवीकडे

"बघू नको," असं सर म्हणायचे आणि खिशातला मोठा पांढरा रुमाल काढून शिकणाऱ्याच्या दोन्ही हातांवर पसरायचे. त्यांच्या क्लासमध्ये टायपिंग शिकायला आलेल्या प्रत्येकाची सुरुवात अशी रुमालाखालीच झाली. बटणांकडे बघून टाइप करणाऱ्याला ते टायपिस्ट मानतच नसत. "डोळे कागदाला द्यायचे. बोटांना त्यांचं त्यांना सापडतं."

असे एखादे टायपिंगचे सर तुमच्याही गावात असतील. आमचे श्रीरामपूरचे सर अंगाने काटकुळे, इस्त्रीला कडक आणि वेळेला त्याहून कडक. रविवारी सकाळी चर्च, बाकी सहा दिवस मशीन. कॉम्प्युटर आले, क्लासमधली पोरं गळाली, तेव्हा त्यांनी कुणाकडे रडगाणं गायलं नाही. एक मशीन उचललं आणि तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल मांडलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीचे कागद. शेजारच्या टायपिस्टांच्या टेबलावर चुका खोडायच्या पांढऱ्या शाईची बाटली असायची, सरांच्या नसायची. विचारलं तर म्हणायचे, "कशाला लागती?"

कचेरीसमोर, रस्त्याच्या अलीकडे माझं मोबाईलचं दुकान होतं. पंधरा वर्षं होत आली असतील, नगरच्या डीलरने मला एक नमुना आठ दिवसांसाठी दिला. जाडजूड स्मार्टफोन, साबणाच्या वडीएवढा. वरची काच अंगठ्याने ढकलली की खालून खट् करून आख्खा कीबोर्ड बाहेर यायचा. आपल्याकडे चालेल असं वाटलं तर दहा-बारा मागव, म्हणाला. बटणांची पारख करायला आमच्या तालुक्यात सरांहून मोठा माणूस कोण? मी फोन नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग फोनवर रुमाल टाकला. लिंबाखाली बसलेले पक्षकार बघत राहिले, कारण रुमालाखाली सरांचे दोन अंगठे उंदरासारखे हलत होते. "अरे, हे तर उलटंच राज्य," ते म्हणाले. टायपिंगमध्ये अंगठ्याला जन्मभर एकच काम, दोन शब्दांत जागा सोडायचं. इथे सगळा कारभार अंगठ्यांकडे आणि आठ शिकलेली बोटं मागून फोन धरून उभी. हा अन्याय त्यांना मनापासून झोंबला.

आठ दिवस रोज संध्याकाळी दुकानात येऊन ते एकेक तक्रार सांगत. बटणं फार सपाट आहेत, एक संपून दुसरं कुठे लागतं ते बोटाला कळत नाही. मधल्या ओळीत खुणेचा उंचवटा पाहिजे होता. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात. पण नुसत्या काचेच्या फोनपेक्षा हा बरा, काचेवर बोटाला काय सापडणार? एकदा त्यांनी विचारलं, अक्षर अजून मोठं होतं का. दुसऱ्या दिवशी विचारलं, आपण लिहिलेलं हा वाचून दाखवतो का. मी हसलो. म्हटलं, सर, फोनने वाचायचं तर आपण काय करायचं? तेही हसले.

मी मूर्ख होतो. साखरेने त्यांच्या डोळ्यांचा पडदा वर्षभरापासून खाल्ला होता आणि ते कुणाला बोलले नव्हते. नजर गेलेल्या टायपिस्टाला प्रतिज्ञापत्र कोण देईल?

नवव्या दिवशी त्यांनी फोन परत आणला, सोबत एक टाइप केलेला कागद. तोंडी मत देणं त्यांना कच्चं वाटे. वर मधोमध "अहवाल", खाली रेघ. "मोठ्यांदा वाच," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

पहिल्या दोन ओळी मोत्यासारख्या होत्या. तिसरीपासून कागदावर काहीच नव्हतं. म्हणजे टाइप भरपूर होतं, पण काने एकटेच उभे, वेलांट्या लोंबकळणाऱ्या, अक्षराचा कुठे पत्ता नाही. मी त्यांचाच विद्यार्थी, काय झालं ते मला बघताक्षणी कळलं. मध्येच चहाला किंवा कुणाशी बोलायला उठले असतील आणि परत बसताना बोटं एक बटण उजवीकडे टेकली असतील. तिथून पुढे पानभर एकही बोट चुकलं नव्हतं. फक्त सगळी एक घर सोडून पडली होती. बघून टाइप करणाऱ्याकडून अशी चूक होऊच शकत नाही आणि ज्याला कागद दिसतो तो पहिल्या शब्दाला थांबतो.

मी वर बघितलं. सर मान थोडी तिरपी करून ऐकत होते.

मी वाचलं. आठ दिवस त्यांनी जे जे सांगितलं होतं ते जुळवून, कागदाकडे बघत, घडाघडा वाचलं. बटणं सपाट आहेत, खुणेचा उंचवटा नाही, तरीही काचेपेक्षा बरा. शेवटी पदरची दोन वाक्यं घातली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. त्या वेळी मला वाटलं, मी फार मोठ्या मनाचं काम केलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी कचेरीच्या आवारात हशा ऐकू आला म्हणून मी बाहेर आलो. एक बाई सरांच्या टेबलापुढे कागद धरून उभी होती. नवरा वारल्यावर वारस नोंदीसाठी खेड्यावरून आलेली, कामाचा खाडा करून. खिडकीवरून तिचं प्रतिज्ञापत्र परत आलं होतं. "सायेब म्हनले, ही कोनती भाषा हाय," ती सांगत होती. "मला वाचता येत न्हाई सर, म्हनून तर तुमच्याकडं आले." तो कागद शेजारच्या टायपिस्टांच्या हातातून फिरला. सगळे हसले. बाई हसली नाही आणि सरही नाही. त्यांनी आपल्याच कागदावरून बोट फिरवलं, तसं केल्याने कळेल असं वाटून.

संध्याकाळी ते दुकानात आले. बसले नाहीत.

"माझ्या अहवालात काय हुतं?"

"तिसऱ्या ओळीपासून काहीच नव्हतं, सर."

"मला शंका आलती. म्हणून तर तुला वाचायला लावलं. तू अडखळला न्हाईस. दोन वाक्यं माझी नव्हती, पण म्हटलं वय झालं, विसरलो असंन. बरोबर येतंय म्हणून टेबलावर बसत राहिलो मी."

मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

"वाटलंच असतं," ते म्हणाले. "पण इथं, तुझ्यापुढं. आता त्या बाईची खेप गेली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पायऱ्या मोजत दुकानातून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कारखान्याचा हंगाम होता, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थांबत नव्हती. रोज ते एकटे ओलांडून जायचे, कसे ते त्यांनाच ठाऊक. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी उजवा हात थोडा पुढे केला आणि कुणीतरी धरण्याची वाट बघत उभे राहिले.

माझ्यापासून दहा पावलं. मी काउंटरमागून उठलो नाही. कुठल्या तोंडाने उठणार होतो? शेवटी पलीकडचा रसवंतीवाला हात पुसत आला आणि त्यांना घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात जामखेडला दिलेली त्यांची मुलगी येऊन सरांना घेऊन गेली. ते तिकडेच वारले, हेही मला वर्षाने कळलं. त्या रस्त्यावर आजही माझं दुकान आहे, आणि कुणी कडेला उभं राहून हात पुढे केला की गिऱ्हाईक टाकून मी उठतो. त्याचा सरांना काही उपयोग नाही.