तारखेचा रकाना

तिला सगळे कात्री म्हणत. हातातल्या कात्रीवरून म्हणत असतील, असं तिला स्वतःला वाटायचं. जिभेवरून म्हणतात, हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

जिन्याखालच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान होतं. दोन मशिनी, एक आरसा, आडोशाला एक पडदा आणि दाराशी बाक. त्या बाकावर तिची सासू दिवसभर बटणं लावत बसायची आणि आल्यागेल्याची इत्थंभूत चौकशी करायची. दुकानाचा नियम एकच होता. कापड कुणीही घ्यावं, माप कुणीही लिहावं, पण वहीतला तारखेचा रकाना फक्त कात्रीने भरायचा. तो भरला की विषय संपला. बावीस वर्षांत तिने एकही तारीख चुकवली नव्हती. एका लग्नात नवरदेवच ऐन वेळी पळून गेला, पण त्याचा कोट आदल्या दिवशी तयार होता, हे ती अजून छाती काढून सांगायची.

आता छाती काढून म्हटलं तर एकाच बाजूची. सहा वर्षांपूर्वी कॅन्सरपायी तिचा डावा स्तन काढला होता. त्या जागी ठेवायच्या गादीची दुकानातली किंमत ऐकून ती म्हणाली, "एवढ्यात मी अख्खी बाई शिवून देईन." घरी येऊन तिने अस्तराच्या कापडाची पिशवी शिवली, वजनाला त्यात पक्ष्यांना घालायचे दाणे भरले आणि आरशासमोर उभी राहून दोन्ही खांदे एका रेषेत आणले. काम झकास झालं होतं. फक्त पावसाळ्यात एकदा ती पिशवी भिजली, दोरीवर तीन दिवस ओलीच राहिली, आणि शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आले.

सासूने ती चिमटीत धरून वर उचलली. "बये, कापून टाकलं तरी उगवतंयच की तुझं!"

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

यंदा गळ्यात मापाची टेप अडकवताना जुन्या व्रणाशेजारी बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागली, तेव्हा कात्रीला पहिल्यांदा ते कोंब आठवले. या वेळी हसू आलं नाही.

"परत आलाय," तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाला.

"आला तर आला. राहणार किती दिवस?"

डॉक्टर तरुण होता, त्याने आधी रिपोर्ट पुन्हा चाळला. मग त्याने नीट समजावून सांगितलं. फार पसरलेला नाही, औषधं लागू पडायची शक्यता चांगली आहे, पण केमोचं सलाईन लगेच सुरू करायला हवं. त्याने खर्चाचा अंदाज कागदावर लिहून दिला. कात्रीने आकडा वाचला, कागदाची घडी घातली आणि त्याला सांगितलं, "तुमच्या पँटचा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर लांब आहे. कोणी शिवली? त्याला आधी तपासा."

रस्त्यात मात्र तिचा हिशोब सुरू झाला. मागच्या वेळी सासूच्या बांगड्या गेल्या, नवऱ्याची स्वतःची गाडी गेली. तो आता दुसऱ्याची गाडी चालवत होता आणि त्या वेळचं कर्ज आत्ता कुठे गेल्या वर्षी फिटलं होतं. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, त्याची फी भरायची होती. विकण्यासारखं आता फक्त दुकान उरलं होतं, आणि ते विकलं तर सगळ्यांनी खायचं काय? तिने तो आकडा उभा लावून पाहिला, आडवा लावून पाहिला. कापड कमी असलं की ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, यात सदरा बसत नाही, उगाच कापायला लावू नका. तसंच तिने स्वतःला सांगून टाकलं, यात इलाज बसत नाही. घरी म्हणाली, "सगळं ठीक आहे." कागद बटणांच्या डब्यात तळाशी सारला.

लोक अशा बाईला धीराची म्हणतात. धीर कसला डोंबलाचा? ती मनातून पार घाबरली होती. मरणाला तर घाबरली होतीच, पण आपल्यापायी पुन्हा एकदा घर धुऊन निघेल याला त्याहून जास्त.

त्याच आठवड्यात शाळेचा कारकून आला. दोनशे गणवेश हवे होते. शाळा उघडायला आठ महिने होते, कापड तयार होतं, आगाऊ रक्कमही मिळणार होती. असं काम दुकानात आजवर आलं नव्हतं. सासूने सुई थांबवून मान वर केली.

कात्रीने वही उघडली आणि तारखेच्या रकान्यापाशी तिचं पेन अडलं. आठ महिने. भरला की विषय संपला.

"जमणार नाही," ती म्हणाली.

"अहो, दोनशे गणवेश आहेत!"

"मला मोजता येतं. दुसरीकडे विचारा."

कारकून चक्रावून बाहेर पडला. बाकापाशी सासूने त्याची बाही धरली आणि काहीतरी पुटपुटली. कात्रीने तिकडे लक्ष दिलं नाही. मशीन जोरात चालवली म्हणजे डोळे भरल्याचा दोष तेलाच्या वासाला देता येतो.

दोन दिवसांनी ती एका घरी पडदे बसवून परत आली, तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निळ्या कापडाचे तागे छतापर्यंत रचले होते आणि सासू त्यांच्यासमोर पहारेकऱ्यासारखी बसली होती.

"आई, हे काय आहे?"

"कापड. निळं. डोळेही गेले की काय तुझे?"

"मी नाही म्हटलं होतं ना?"

"म्हणालीस. बावीस वर्षांत दारचं काम तू कधी परत पाठवलं नाहीस, म्हणून मी शोधाशोध केली." सासूने कमरेची पिशवी सोडून तो घडीचा कागद काढला. "लपवायला सबंध घर पडलं होतं. बटणं मी लावते, आणि बाईसाहेब बटणांच्या डब्यात लपवतात! अगं, अक्कल तरी ठेवायचीस शाबूत."

कात्री मटकन बाकावर बसली. सासूने कागदावर एक पावती ठेवली. ती हॉस्पिटलची होती.

"आगाऊ पैसे तिथे भरून आले. नात आली होती बरोबर. पहिल्या दोन सलाईनचे झाले. सोमवारी सुरू करायचंय."

"आणि पुढचे?"

"पुढचे पुढे बघू. तुझा नवरा रविवारचीही गाडी धरतोय, मुलगी फीसाठी हप्ते बांधून घेतेय. मागच्या वेळी विकायला बांगड्या होत्या, विकल्या. तू बेशुद्ध होतीस, विचारायचा प्रश्नच नव्हता. या वेळी विकायला काही नाही, म्हणून काम घेतलं."

"मला भीती वाटते, आई." ते शब्द तिच्याही नकळत तोंडातून गेले.

"मला नाही वाटत होय?" सासूचा आवाज चिरकला. मग ती एकदम खेकसली, "बटणं सोळाशे लावायचीत! माझ्या बोटांचा विचार केलाय का कुणी?"

तिने वही पुढे सरकवली. तिच्या वाकड्या अक्षरात सगळं भरलं होतं. दोनशे गणवेश. निळं कापड. आगाऊ मिळाले. मागे शाळेने पाठवलेली प्रत्येक मुलाच्या मापांची यादी टाचली होती. तारखेचा रकाना तेवढा कोरा होता.

"तो मी भरत नाही," सासू म्हणाली. "नियम तुझा आहे."

कात्रीने यादी उलटून पाहिली. एक पान, दुसरं पान. तिच्या कपाळावर आठी चढली.

"ही मापं आत्ताची आहेत?"

"मग कधीची असणार?"

"आठ महिन्यांत पोरं चार बोटं वाढतात, आई! ही घेऊन बसलो तर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे घोटे उघडे." तिने यादी टराटरा फाडून चिंध्यांच्या टोपलीत टाकली. "शाळेला कळवा, बाकीची तयारी आत्तापासून करू, पण मापं शेवटच्या महिन्यात घ्यायची. आणि तुम्ही नाही घ्यायची, तुम्हाला टेप नीट धरता येत नाही. मी येईन."

मग तिने पेन उचललं आणि तारीख लिहिली.