दत्ताअण्णांनी उडवलेलं एक अक्षर

दत्ताअण्णा गेल्याची बातमी आष्टीच्या बाजारातून आलेल्या एकानं डेअरीवर आणली. मी म्हटलं, "थापा मारू नको बे, थापांचं खातं माझ्याकडं आहे." तो हसला नाही... तेव्हा कळलं.

आमच्या दूध संस्थेत संगणक कळणारे एकटे अण्णाच. बाकी आम्ही त्यावरची धूळ पुसण्यापुरते हुशार. दुष्काळात चारा छावणी संस्थेकडं आली, म्हणून सभासदांच्या जुन्या याद्या स्कॅन केल्या, तर मशीन कागदावरच्या डागांनाही अक्षरं समजू लागलं. माशी बसली तिथं 'ट', चहा सांडला तिथं 'ठ'. माझ्या नावात एवढी सुटी अक्षरं घुसली, की मोठ्यानं म्हटली असती तर मंत्र समजून पाऊस पडला असता. अण्णांनी रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मशीननं काय शोधायचं ते सांगणारी, एक ओळ लिहिली : दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेलं एकटं अक्षर दिसलं की काढून टाक. मग दुबार नावं गाळली. महिन्याचं काम माझी तंबाखू मळून होईस्तोवर संपलं. आम्ही हारच आणायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी बाबूतात्या छावणीच्या दारातून गाभण गाय घेऊन परत फिरले. गावात बाबुराव जगताप दोन, तात्या त्यातले एक. ओळख काय ती मधल्या, बापाच्या नावाच्या पहिल्या अक्षराची. तेच उडालं, दोघांचा एक झाला आणि तात्या गळाले. घरात वैरणीची काडी नव्हती. ते अण्णांच्या टेबलापुढं उभे राहिले.

"मी हाय, गाय हाय. मग यादीत कावून न्हाई?"

"मशीनची न्हाई तात्या, माजी चूक हाय," अण्णा म्हणाले. आधी स्वतःच्या म्हशीपुढचा भारा उचलून तात्यांच्या गोठ्यात टाकला, मग संगणकापुढं बसले. नाव-आडनावाच्या मधलं अक्षर राहू द्यायचं, बाकीची काढायची, असं ओळीला बजावलं. पण मधेच डाग पडला असेल तर? ते माणसालाच विचारावं लागणार. म्हणून यादी घेऊन छावणीत गेले आणि दावणी-दावणीला एकेक नाव वाचत हिंडले. आवाज असा, की म्हशींनीही माना हलवल्या.

तेव्हापासून आमची यादी मोठ्यानं वाचल्याशिवाय पक्की होत नाही. परवा मयत सभासद कमी करायचे होते. वाचायला मी होतो. अण्णांच्या नावापाशी आलो आणि त्यावर रेघ मारून गुमान पुढं सरकणार... तेवढ्यात तात्यांनी माझं मनगट धरलं.

"काढ. पन आधी वाच. मधल्या अक्षरासकट, पुरं वाच."