गज आठ बोटं वर होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून लपवलेलं असं माझ्या संसारात दुसरं काही नाही — बियाणं किती ठेवलं, तेल किती उरलं, सगळं तिला ठाऊक असतं. एवढं सोडून. आज तुम्हाला सांगतो आहे. कसं जमतं ते पाहू.

दुसरी मोठी लढाई, जर्मनांबरोबरची, सुरू होण्याआधीची गोष्ट. धसईच्या वरच्या अंगाला आमची भातं, आणि त्यांच्या पाठीला लागून रान. आश्विनात दाणा भरला की डुकरं उतरायची. राखणीसाठी वडिलांच्या नावावर एक ठासणीची बंदूक होती. चालवायचा शेजारचा गोविंदा. त्याच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. भरायचं काम माझं. का? तर माझं माप चुकत नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे.

ठासणीची बंदूक तोंडातून भरतात. आधी दारू, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं ठासायचं. पण त्याआधी गज नळीत नुसता सोडून पाहायचा, ही आमच्याकडची रीत. गज नळीच्या तोंडाशी बसला तर ती रिकामी. चार बोटं वर राहिला तर भरलेली. याला वेळ किती लागतो? घोटभर पाणी पिण्याइतका.

त्या दुपारी आम्ही दोघं शेतातल्या राखणीच्या माळ्यावर होतो. मी बंदूक भरून कुडाला टेकवली. ऊन पिवळं, जड. पिकत्या भाताचा गोडसर वास वर चढत होता, आणि वाऱ्यानं सगळं शिवार एकदम एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्यासारखं हलत होतं. गोविंदा ओहोळावर पाणी प्यायला उतरला. माझा डोळा कधी लागला — खरंच कळलं नाही.

झोपेत मी बार ऐकला. धूर पाहिला, पांढरा, सावकाश, भातावरून ओढल्यासारखा जाणारा. त्यातून बगळे उडाले, आणि त्यांच्या पंखांचा आवाज येत नव्हता. जागा झालो तेव्हाही नाकात दारूचा वास होता. गोविंदानं बार टाकला आणि डुक्कर बघायला गेला, हे मला इतकं खरं वाटलं की मी उठून बंदूक भरायला घेतली. गज आधी सोडून पाहिला नाही.

ठासून झालं तेव्हा सवयीनं बोटं लावली. आठ भरली.

म्हणजे? म्हणजे बार झालाच नव्हता. भरलेल्या बंदुकीत मी दुसरा बार भरला होता, आणि अशा दुहेरी बारानं नळी फाटते. हे मला कळलं — तिथेच, त्या क्षणी. इथे मला कुठलीही पळवाट नाही.

गोविंदा हसत वर आला. “काय घोरतोस रे. तुझ्या घोरण्याला भिऊन डुकरं पार नाणेघाट चढून गेली आसतील.”

मी हसलो. सांगितलं नाही. मापाचा एवढा पक्का माणूस झोपेत बंदूक भरतो, हे त्यानं आठवड्याच्या आत बाजारभर केलं असतं. तो जेवायला घरी जाईल, मग हळूच बोळे उपसून काढू, असं मी ठरवलं. आणि तेवढ्यात खालच्या बांधाला भात हललं.

त्यानं बंदूक उचलली. थांब म्हणायला वेळ नव्हता का? होता. त्यानं घोडा चढवला, गाल टेकवला, डुक्कर कडेला येण्याची वाट पाहिली. ती वाट मी त्याच्या शेजारी बसून पाहिली.

नळी मुळाशी फाटली. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि लगतची दोन बोटं गेली.

मुरबाडच्या दवाखान्याकडे जाताना, गाडीत, माझ्याच धोतराच्या फाळक्यात हात गुंडाळलेला, तो मला म्हणाला, “तू भरून ठेवलेली मला म्हायती व्हती. मंग तू तं निजलास. मीच भरली आसंल रे पुन्ना.”

मी म्हणालो, “आसंल.”

तेवढाच एक शब्द. फौजदारानंही पुढे तेच लिहून घेतलं.

बोटांचं त्यानं कधी रडगाणं केलं नाही. तीन बोटांवाचून तो नांगर धरायला शिकला. पण त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला. दार लावून निघाला की अर्ध्या वाटेवरून परत येतो, कडी लावली का बघायला. पेरणीला बी मोजून दिलं तरी बायकोला म्हणतो, “तू बघ गो एकदा, माझं काय खरं नाय.” आणि मग मलाच बोलावतो, कारण माझं माप चुकत नाही.

सुरुवातीची काही वर्षं तो मला मधूनच विचारायचा, “मला भरल्याचं कायच कसं आठवत नाय रे?” मी म्हणायचो, धक्क्यानं विसरला असशील. किती वेळा म्हणालो, ते मात्र मी मोजलेलं नाही.

आता तो विचारत नाही. परवा पारावर पोरांना ती दुपार सांगत बसला होता. ऊन कसं होतं, मी कसा घोरत होतो, त्यानं दारू कशी ओतली, गज कसा ठासला — एकेक सांगत होता, डोळे मिटून, समोर दिसत असल्यासारखं. “आठवतं नं तुला?” असं त्यानं मला विचारलं.

मी हो म्हणालो.