पहिला ‘नको’ खरा नसतो

गडहिंग्लजच्या स्टँडवर एसटी सुटेपर्यंत अप्पा खिडकीखाली उभे होते. माझ्याकडं दोन बॅगा आणि आईनं कोंबून दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. संकेश्वरला उतरून बेंगलोरची गाडी धरायची होती. नेसरीच्या दूध संस्थेला दूध घालणारा माझा बाप, बोलायला मुळात कमी. गाडी हलायला लागली तसं म्हणाले, “लोकांच्यात ऱ्हायचं हाय. कुणी काय देऊ केलं तर लगीच हात फुडं करू नगंस. हावरट म्हणत्यात.” मी मान हलवली. यात नवीन काहीच नव्हतं.

गावातल्या तुम्हा लोकांना हे सांगायची गरज नाही, पण माझ्यासारखे जे बाहेर पडलेत आणि आपलं गाडं कुठं अडलंय म्हणून डोकं खाजवतायत, त्यांनी जरा ऐका. आपल्याकडं कुणाच्या घरी गेलं की चहाला आधी नको म्हणायचं. घरचा म्हणतो, घ्या की. परत नको. मग तो कप हातातच देतो आणि आपण “कशाला उगीच” म्हणत सगळा पितो. कोल्हापुरात, शाहूपुरीत मावशीकडं राहून मी इंजिनिअरिंग केलं, तिथंही हीच तऱ्हा. पहिला नको खरा नसतो, हे देणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. पहिल्या नकोवर जो कप परत नेतो त्याला आपण चिक्कू म्हणतो.

तर बेंगलोर. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं बिलिंगचं अख्खं मॉड्यूल मी उभं केलं होतं आणि ते क्लायंटला दाखवायची वेळ आली. आमच्या मॅनेजर विनीता मॅडमनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, डेमो तू देशील का? आनंद पोटात मावेना. मी म्हणाले, नको, दुसरं कुणीतरी देऊ दे. आणि वाट बघत बसले, आता म्हणतील, अगं दे की. मॅडम म्हणाल्या, “ओके, नो प्रॉब्लेम. निखिल, तू घे.” झालं, विषय संपला. निखिलनं माझ्याकडूनच सगळं समजून घेतलं आणि झकास डेमो दिला. त्याच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं. तरी मी चिडले.

त्याच सुमारास टीम लीडची जागा रिकामी होणार होती. मला ती हवी होती, अगदी मनापासून. अप्रेझलला मॅडम म्हणाल्या, काम उत्तम आहे, पण तुझ्यात पुढाकार दिसत नाही, आधी सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग कर. पुढाकार नाही? नेसरीतनं बेंगलोरला मी काय झोपेत चालत आले होते?

ट्रेनिंगला गेले ती हे सगळं थोतांड आहे असं ठरवूनच. डोळ्यांत बघून बोला, हात असे ठेवा, खांदे तसे ठेवा, यातलं निम्मं थोतांड होतंच. शिकवायला हुबळीच्या एक बाई होत्या. चहाच्या सुट्टीत त्यांनी कप पुढं केला, मी नको म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “खरं नको, की घरचं नको?” म्हणजे त्यांच्याकडंही हेच चालतं. मग म्हणाल्या, ऑफिसात तुझं मन ओळखत बसायला कुणाला सवड नाही, हवं असेल तर हवं म्हण.

मग मी कंबर कसली. पीजीच्या खोलीत आरशासमोर उभी राहून “येस, आय विल डू इट” म्हणायची. कानाला इतकं निर्लज्ज वाटायचं की आधी दार लावून घ्यायची. रूममेटनं बिस्किटाचा पुडा पुढं केला की पहिल्या झटक्यात उचलायचं, हाही सरावच. ती बिचारी पुडा लपवायला लागली. पुढच्या डेमोच्या वेळी मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर होता. बोलले आपल्या गावच्या आवाजात, म्हणजे माइक नसता तरी भागलं असतं. त्यानंतरचाही डेमो मीच घेतला, आणि लीडची जागा मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन तोंडानं मागितली. मिळाली. लाज वगैरे काही वाटली नाही.

मागच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा दूध संस्थेचे संचालक आमच्याच घरी, बाहेरच्या सोप्यात बसले होते. चेअरमन ठरवायचा होता. अप्पाही संचालक, आणि त्यांना चेअरमन व्हायचं होतं. कधीपासनं मनात धरून बसल्यात, असं आईनं मला चुलीपाशी सांगितलं होतं. संस्थेचा सचिव नवा, तरणा, सारखा मोबाइल बघणारा. त्यानं विचारलं, “अप्पा, तुमी हुनार काय चेअरमन?”

“नगं नगं, दुसऱ्या कुणालातर करा,” अप्पा म्हणाले.

“बरं,” म्हणून तो शेजारच्या माणसाकडं वळला. जुन्यांपैकी कुणीतरी बोलेल म्हणून मी थांबले. कुणी बोललं नाही. अप्पा सतरंजीकडं बघत बसले. बेंगलोरच्या त्या मीटिंगमध्ये माझं तोंड कसं झालं असेल ते मला तेव्हा दिसलं.

चहाचा ट्रे मी सचिवापुढं ठेवला. “दादा, त्यांना परत इचारा की.”

अप्पांनी माझ्याकडं डोळे वटारले. सचिवानं गोंधळून परत विचारलं.

“नगं म्हटलं न्हवं,” अप्पा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

“आणि एकदा इचारा.”

आता सगळे हसायला लागले. एक म्हातारे संचालक म्हणाले, “व्हा की आता, अप्पा. पोरगी दमली.”

अप्पांनी टोपी काढली, परत घातली. “तुमी एवढं म्हणतासा तर बरं,” ते म्हणाले.

मी बेंगलोरला परत आले. इथं मी पहिल्याच वेळी हो म्हणते आणि म्हणत राहणार, त्यात आता माघार नाही. पण अप्पांनी या वयात हात वर करायला शिकावं असं मला मुळीच वाटत नाही. माणसाला परत विचारतात ते घर, एवढंच मला आता कळतं. आणि तिथं विचारणारं कुणी उरलं नसेल, तर मी गाडी धरून येईन आणि विचारीन.