पांढरा ठिपका

माझ्या धाकट्या भावाचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. लपवून काय उपयोग, बदलापूरच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे. "हवाई दलात वैमानिक होता, निवृत्त झाल्यावर चित्रकार झाला, आणि आता विद्यापीठाचा कुलसचिव!" असं कुणी म्हणालं की मी "चहा टाकते हं" म्हणून उठते आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते.

विमानं त्याने खुशाल उडवावीत. कुलसचिवाची खुर्चीही त्यालाच लखलाभ. पण चित्रं? चित्रं माझी होती.

चिखलोलीला आमचं घर आणि भातशेती होती. शाळा अंबरनाथला. तिथे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत मला ए ग्रेड मिळाली. त्याला कशीबशी सी. मला बक्षीस मिळालेल्या रंगपेटीतला निळा रंग त्याने कागदी विमानांचे पंख रंगवून संपवला. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो, बारका हाय तो." आता त्याचे केस पांढरे झाले, तरी आमच्या घरात तो बारकाच आहे.

मला चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. त्या कोर्ससाठी मुंबईला जावं लागणार होतं. "पोरीला येवरं लांब कोन धाडतं?" असं म्हणून आप्पांनी विषय संपवला. पुढे त्यांनीच मुलाला विमान शिकायला देशाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं. त्याला ओवाळायला मीच होते. हसतमुखाने ओवाळलं, आणि मग गोठ्यामागे जाऊन त्याची उरलेली कागदी विमानं चुलीसाठी फाडली.

परवा विद्यापीठाच्या दालनात त्याच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. मला न्यायला तो स्वतः गाडी घेऊन आला. मी खोट काढायच्या तयारीनेच गेले होते. सगळी चित्रं वरून बघितलेली, विमानातून दिसतं तशी. भाताची खाचरं, बांध, नदीचं वळण. चित्रं चांगली होती, आणि त्याचाच जास्त राग आला. वाईट असती तर मी त्याला मनापासून शाबासकी दिली असती.

शेवटच्या भिंतीवर आमचं चिखलोलीचं घर होतं. ते पाडून तिथे टॉवर उभा राहिला त्याला बरीच वर्षं झाली. पण याने कौलं, विहीर, फणस, सगळं आठवणीतून बरोबर उतरवलं होतं. अंगणात मात्र एक पांढरा ठिपका होता.

"हे काय रे? रंग उडाला का इथला?" मी विचारलं.

"ती तू आहेस, ताई. अंगणात चित्र काढत बसलीयस. मला घर आठवलं की तू तिथेच दिसतेस."

"एवढीशी?"

"वरून माणूस एवढंच दिसतं गो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका प्राध्यापिकाबाईंनीही डोळ्यांना पदर लावला.

माझेही भरून यायला हवे होते. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. मी अंगणात काय हौसेने बसले होते? याला जाऊ दिलं आणि मला बसवलं, म्हणून तर याला वरून मी ठिपक्याएवढी दिसले. पण चारचौघांत मी "छान आहे" एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत त्याने विचारलं, "ताई, काही चुकलं का माझं?"

"मी मोठी आहे तुझ्यापेक्षा," मी म्हणाले. त्याला ती गंमत वाटली. तो बदलापूर येईपर्यंत हसत होता.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरच्या बाजारात जाऊन कागद, ब्रश आणि रंग घेतले. सिंधी दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का, मावशी?" "माझ्यासाठी," मी म्हणाले, आणि निळ्याच्या दोन ट्यूब जास्त घेतल्या.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरते. हात काही विसरलेला नाही. कागदभर अंगण काढलंय. त्यात मांडी घालून बसलेली मुलगी, तिची वेणी, गुडघ्याला लागलेला रंग, शेजारी उघडी पेटी. सगळं जवळून, चांगलं मोठं. वर थोडं आकाश ठेवलंय आणि त्या आकाशात त्याचं विमान, नुसता एक ठिपका.

अंगण मनासारखं उतरलं आहे. मुलगीही जमली. तो ठिपका तेवढा जमत नाही. पुन्हा पुन्हा पुसते, पुन्हा काढते. कितीही बारीक ब्रश घेतला तरी मला हवा तेवढा लहान तो होत नाही.