बर्फातलं बीट

जगताप मॅडम गेल्याची बातमी माझ्या आईने आणली. बोईसरच्या बाजारात मासळी विकून झाली की दुपारी ती माझ्याकडे येते, टोपली बाहेर ठेवते, पाय धुते आणि मगच आत पाऊल टाकते. त्या दिवशी मात्र टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती दारात उभी राहिली. "माहीमच्या बायका सांगत व्हत्या... बाई गेली गो." कुठली बाई, असं मी विचारलं, आणि विचारतानाच कळलं की आईच्या तोंडी 'बाई' म्हणून एकच माणूस होतं. मग आई आत आली, पाय न धुता. मला नीट रडूही आलं नाही. डोक्यात एकच येत राहिलं, की आता ते कोणाला विचारायचं? इतकी वर्षं मी एक प्रश्न पुढे ढकलत आले होते. मॅडम पालघरजवळच्या माहीमलाच आहेत, कधीही जाऊन विचारता येईल, अशा समजुतीवर.

मॅडम पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या पाचगणीकडच्या. नोकरीसाठी इकडे आल्या आणि माहीमला एका वाडीतल्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या, त्या शेवटपर्यंत. मी बोईसरजवळच्या नवापूरच्या मच्छीमाराची मुलगी. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचे, कारण अंगाला मासळीचा वास येतो अशी माझी खात्री होती. मॅडमनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "नवापूरहून कोण येतं? तुमच्याकडे बर्फ असतो ना?" वर्ग हसला. माझे कान तापले. पण त्यांना खरोखरच बर्फ हवा होता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बीट पहिल्या वर्षी फक्त जमिनीखाली साठा करतं. मग कडक थंडीचे कित्येक आठवडे त्याच्या शेंड्यावरून जावे लागतात, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी उंच दांडा येतो, फुलं येतात, बी धरतं. आपल्या किनाऱ्यावर अशी थंडी पडतच नाही. म्हणून इथे बीट होतं, पण त्याचं बी होत नाही, ते थंड डोंगराळ मुलखातून आणावं लागतं. "त्याला आपण इथेच हिवाळा दाखवला तर?" त्या म्हणाल्या. कॉलेजातला फ्रीज कायम बिघडलेला. म्हणून एका रविवारी त्या एसटीने नवापूरला आल्या, हातात पिशवी, पिशवीत शेंड्यासकट काढलेली पाच-सहा बीटं.

आईने पिशवीत डोकावून पाहिलं. "माशाच्या पेटीत बीट?"

"जरा कोपऱ्यात. वास लागला तरी चालेल मला."

"तुमाला चालंल वो! पापलेट लाल झाला तर गिऱ्हाईक म्हनंल, हिनं रंग मारलाय."

शेवटी आईनेच वनस्पती तुपाचा रिकामा डबा काढला, बीटं त्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि डबा बर्फाच्या पेटीच्या तळाशी बसवला. चहा झाला. तेव्हा मॅडमनी दुसरा विषय काढला. तुमच्या सुमनला एम.एस्सी.ला पाठवा, मुंबईला, मी सगळं बघते. डहाणूकडचं एक स्थळ तेव्हा चालून आलं होतं, त्यांच्या स्वतःच्या दोन होड्या होत्या, आणि उन्हाळ्यात उत्तर द्यायचं होतं. बाबा समुद्रावर होते, आणि असल्या गोष्टी आमच्या घरात आईच ठरवायची. ती कप उचलत म्हणाली, "तुमच्या बीटाला फूल येऊ द्या बाई, मंग बघू." तो टोमणा होता. नाही म्हणायची आईची पद्धत होती ती. मॅडमनी तो टोमणा म्हणून घेतलाच नाही. "ठरलं," म्हणाल्या आणि एसटी पकडायला निघून गेल्या.

पुढचे दोन-अडीच महिने आईने तो डबा सांभाळला. बर्फ बदलताना आधी डबा बाजूला, मग मासे. होळीला मात्र सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या, धंदा बंद, बर्फ आणणं बंद. पेट्या धुवून वाळूत उन्हाला टाकायच्या, ही आमच्याकडची रीतच आहे. आणि बर्फातून निघालेली वस्तू सुकवली नाही तर कुजते, हे आम्हाला बोलायला लागल्यापासून माहीत. आईने बीटं काढली आणि बोंबील वाळवायच्या बांबूंखाली, जाळ्याच्या तुकड्यावर, छान ओळीने उन्हात मांडली. सण संपेपर्यंत ती तिथेच. मी घरातच होते. मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही...

मॅडमनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. थंडीच्या पाठोपाठ कडक ऊन लागलं तर थंडीचा परिणाम पुसला जातो, झाड हिवाळा विसरतं, असं त्यांनी मला समजावलं. "तुझ्या आईला सांगू नकोस," इतकंच वर म्हणाल्या. मग त्यांनी सुरकुतलेली बीटं कुंड्यांत लावली. फुलायला दिवसही मोठा लागतो म्हणून संध्याकाळी कुंड्यांवर शंभरचा बल्ब लावू लागल्या. घरमालक नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या बाईंनी बीटाला रात्रशाळेत घातलंय. परीक्षा कधी हाय बाई?" मॅडम म्हणायच्या, "मेमध्ये." त्या हसायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत.

तीन बीटं कुजली. दोन नुसती पानं काढत राहिली. आणि एप्रिलच्या शेवटी एकाच्या पोटातून दांडा वर आला, सरळ, माझ्या कमरेइतका. मेमध्ये मी आईला माहीमला घेऊन गेले. ती कुंडीसमोर उभी राहिली, दांडा खालपासून वरपर्यंत पाहिला आणि "हं" म्हणाली. मी नानांच्या विहिरीवर पाणी प्यायला गेले, तेवढा वेळ त्या दोघी तिथेच उन्हात बोलत होत्या. परतीच्या एसटीत आई झोपून गेली. आठवड्याने तिने डहाणूला निरोप धाडला, पोरगी पुढं शिकतेय. जूनमध्ये मी मुंबईला गेले. आज मी बोईसरला ज्युनियर कॉलेजात शिकवते, माझ्या पगारात घर चालतं, माझी मुलगी पहिल्या बाकावर बसते. हे सगळं त्या एका दांड्यामुळे, असं मी धरून चालले होते.

पण मुंबईला जे शिकले त्याने माझा गोंधळच वाढला. थंडी पुसली गेली होती, तर दांडा आला कसा? काही बीटं जातीचीच उतावळी असतात, त्यांच्या जनुकांत असं काही असतं की थंडीवाचूनही ती फुलतात. तसलं एखादं बी चुकून त्यात मिसळलं असेल. किंवा दुसरं. मॅडमच्या कपाटात जिबरेलिनची छोटी बाटली होती, द्राक्षवाले वापरतात ते वाढीचं संप्रेरक. ते फवारलं तर थंडी न लागलेल्या बीटालाही दांडा येऊ शकतो. मात्र पुष्कळदा तो नुसता दांडाच राहतो, फुलं येत नाहीत. मला तर फुलं आठवतात. हिरवी, बारीक, बोटाला पिवळी धूळ लागलेली... की ती मी नंतर प्रयोगशाळेत पाहिली? गेल्या दिवाळीत मॅडमना भेटले तेव्हा त्या फार थकल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही फवारलं होतं का?" "फवारलं होतं," म्हणाल्या. "पण त्यावर नाही, शेजारच्या कुंडीवर... की त्यावरच? थांब, आठवू दे." मग खोकला आला, नाना औषध घेऊन आले, आणि ते राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर मी आईलाच विचारलं. आय, त्या झाडाला फुलं होती ना?

"फुलं कुठली? दांडा व्हता निसता."

मी चक्रावले. मग तू मला पाठवलंस कशाला?

आई कोलंबी सोलत होती. हात थांबला नाही. "बाईनंच सांगितलं ना. तू पान्याला गेलेलीस तवा. म्हनाली, फूल नाय आलं, खोटं नाय सांगनार. येईल का तेबी मला ठाव नाय. पर हिला थांबवू नका." सालं बाजूला सारत पुढे म्हणाली, "मला आजवर कुनी असं नाय सांगितलं, का मला ठाव नाय. इंजिनवाला नाय, डाक्तर नाय, अंगारा देनारा भगत नाय. मंग म्हटलं, जाऊ दे पोरीला हिच्या मागं."

म्हणजे फूल आलंच नव्हतं. की नंतर आलं, आई परत गेल्यावर, आणि मी एकटीने पाहिलं? आईचं खरं तर बाटली खरी, माझं खरं तर उतावळं बी खरं... मी मुलांना हा धडा शिकवते. थंडी, जनुकं, संप्रेरकं, फळ्यावर तीन बाण काढते, तिन्ही बाण फुलाकडे जातात. त्या एका कुंडीत कुठला बाण लागू होता ते मला सांगता येत नाही. सांगणारी गेली.

परवा मुलगी कोशिंबिरीसाठी बीट शोधत होती. फ्रीजच्या तळाशी तिला एक जुना तुपाचा डबा सापडला. "आजी, हे बीट घेऊ?" आई स्वयंपाकघरातून ओरडली, "हात लावू नको त्याला! बाईचा हाय तो." तेव्हा तिला विचारल्यावर मला कळलं. नवापूरच्या बर्फातून, आणि फ्रीज आल्यापासून माझ्या फ्रीजमधून, आई दर वर्षी माहीमच्या बायकांबरोबर बाईंकडे गार बीटं पाठवत होती. यंदाचीही तिने डिसेंबरातच ठेवली होती, आणि बातमी आणली त्या दिवसानंतरही काढली नव्हती.

मी डबा उघडला. आतली बीटं गार, कडक, शेंड्याला फिकट कोंब. आता ही कोणाकडे पाठवायची, मी विचारलं.

"तुज्याकडं कुंडी हाय ना? लाव." आईने झाकण माझ्या हातातून घेऊन परत घट्ट बसवलं. "होळी होऊ दे आधी. आनि लगेच उन्हात नको ठेवू हां... मी ठेवलेली त्या वर्साला."