बंबात गेलेल्या चिठ्ठ्या

अन्वय, ईरा, तुमचे दादाआजोबा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गेला त्याला आता पाच आठवडे झाले. फोनवर मी एवढंच सांगितलं होतं, की झोपेतच गेला, वय झालं होतं. ते खरंच आहे. पण मागच्या रविवारी बुलढाण्याला त्याची शोकसभा झाली. एका वक्त्याने त्याचं पुष्कळ कौतुक केलं आणि शेवटी हसत म्हणाला, "मास्तरांची नजर मोठी, पण नोंदी ठेवण्यात मास्तर कच्चे. नाहीतर आपल्या गावाचं नाव आज इतिहासाच्या पुस्तकात असतं." लोकही हसले. मी पहिल्या रांगेत बसले होते, आणि गप्प राहिले. आयुष्यभर गप्प राहिले तशीच. म्हणून हे आता तुम्हाला लिहिते आहे, आणि जे हसले त्यांनीही वाचावं म्हणून याची एक प्रत वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवते आहे.

आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, सरकारी अर्ज नागपूरला जायचे. मलकापूर स्टेशनात उतरून बैलगाडीने रोहिणखेडच्या दिशेला निघालं, की नळगंगेच्या काठी आमचं गाव लागे. दादा तिथल्या शाळेत मास्तर होता. गावाबाहेर नदीला लागून एक टेकाड होतं. चहूकडे काळी जमीन आणि हे एकटंच राखेसारखं पांढुरकं, म्हणून त्याला पांढरी म्हणत. आमच्याकडे घरांवर कौलं नसत, मातीचं सपाट धाबं असे. पांढरीची माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून पावसाळ्याआधी लोक गाड्या जुंपून टेकाड खणत आणि ती माती धाब्यावर पसरून चोपत. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती ती. त्या खणलेल्या कडेत सगळ्यांना रोज दिसायचं तेच दादाने थांबून पाहिलं. वरच्या बाजूला हातभर लांबीच्या विटा आणि ठसे मारलेली चांदीची नाणी, म्हणजे मौर्य, सातवाहन असं जे आपण पाठ करतो, त्या काळातली. त्याखाली राखेचा पट्टा. त्याखाली तांबडी खापरं, त्यांवर काळ्या रंगाने काढलेल्या रेघा, एखादं हरीण. आणि अगदी तळाशी नखाएवढी, धारदार दगडी पाती. सापडलेल्या प्रत्येक वस्तूला तो दोऱ्याने एक चिठ्ठी बांधी. कागद महाग, म्हणून पोरांच्या जुन्या वह्या फाडून त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिही. वस्तू टेकाडाच्या कुठल्या कडेला आणि किती वीत खाली मिळाली, एवढंच.

त्याची मुलगी चिमी आठ महिन्यांची होऊन तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. तिला पांढरीच्या पूर्वेच्या कडेला, बाभळीखाली पुरलं. पुढच्या दिवाळीत मी अमरावतीहून कॉलेजच्या सुट्टीवर आले, तेव्हा दादा मला टेकाडावर घेऊन गेला. खणलेल्या कडेत दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली होती. एकाला भगदाड पडलं होतं. आत पाखराची असावीत तशी बारीक हाडं... "लेकरू हाय कमे," तो म्हणाला; घरात मला कमी म्हणत. "अन् खाली पाह्य, सारवलेली जमीन. घरातच ठेवलं त्याइनं, आपल्या पायाखाली. आपन गावाबाहेर आनून टाकतो." मग म्हणाला, "वहिनीले सांगू नोको." त्या दिवसापासून तो सरकारला अर्ज करू लागला, की हे टेकाड राखा, इथली माती उचलणं बंद करा. अर्जात त्याने विटांबद्दल लिहिलं, नाण्यांबद्दल लिहिलं. बाभळीबद्दल कशाला लिहील?

दीड वर्षाने नागपूरहून उत्तर आलं, की अधिकारी पाहणीला येतील. दादाने मला पत्र टाकलं, 'ये. सगळं एका वहीत उतरवायचं आहे, तुझं अक्षर चांगलं.' मी संध्याकाळी पोचले. "आता कमी आली, घरातल्या माश्याही रांगेनं बसतीन," तो वहिनीला म्हणाला. किती दिवसांनी हसला होता. वही उद्या साहेब आले की त्यांना विचारूनच लिहू, असं ठरलं आणि पहाटेच तो गाडी जुंपून मलकापूरला साहेबांना आणायला गेला.

उजाडल्यावर मी ओसरी पाहिली. बारा टोपल्या, सगळ्या चिखलाने माखलेल्या, त्यांत लोंबणारे दोरे आणि मळके कागद. मी वर आलेल्या बाजूवरचं वाचलं, तर पोरांची वजाबाकीची गणितं. उलटून पाहिलं नाही. वहिनी चुलीपासून म्हणाली, "ताई, त्याले हात नोका लावू. ते मलेबी लावू देत नाईत."

"नागपूरचा साहेब येऊन राह्यला अन् ओसरीत हा उकिरडा?"

"बरं बाई. शिकलेल्या तुम्ही."

मी तीन हंडे पाणी ओढलं. दुपारपर्यंत एक न् एक खापर नारळाच्या शेंडीने घासून काढलं, उन्हात वाळवलं, मग पाटांवर रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे मांडलं, मोठं मागे, लहान पुढे. दोरे आणि कागद साहेबांच्या अंघोळीचं पाणी तापवायला बंबात घातले.

दादाने ओसरीवर पाय ठेवला आणि तो तिथेच थांबला. साहेब मात्र खूश झाले. "वा, काय मांडणी आहे! सांगा मास्तर, हे हरणाचं खापर कुठल्या थरातलं? आणि हे पातं?" दादाने पाटांकडे पाहिलं. मग माझ्या पाण्याने सुरकुतलेल्या बोटांकडे पाहिलं. "थर... लिहायचे राहून गेले साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाले. "मग ही नुसती खापरं झाली हो."

ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी टेकाडाला फेरी मारली, पण ज्या कडेतून हे सगळं निघालं होतं ती केव्हाच गावातल्या धाब्यांवर जाऊन बसली होती. ते गेल्यावर दादा परसात आला. "चिठ्ठ्या कुठं हायेत?" मी बंबाकडे बोट दाखवलं. तो उकिडवा बसला, राखेत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाला, "पानी तं चांगलं तापलं असन." त्यानंतर हा विषय त्याने माझ्यासमोर कधीच काढला नाही. कुणी विचारलं तर सांगे, मी लिहिलंच नव्हतं.

टेकाड राखण्याजोगं नाही, असा कागद आला. पुढच्या उन्हाळ्यात गाड्या पूर्वेच्या कडेला लागल्या. दादा एका बैलजोडीसमोर जाऊन उभा राहिला. किसन नावाचा शेतकरी गाडीवर होता. "मास्तर, सरकारनं मना केलं का? नाई ना? मंग. धाबं गयते माह्यं, लेकरं कुठं निजवू?" दादा म्हणाला, "किसन, माही चिमी हाय तिथं." किसनने गाडी वळवली. गावाला त्यानेच सांगितलं असेल, कारण नंतर बाभळीला कुणी हात लावला नाही. चहूबाजूंनी माती गेली आणि मधे बाभळीसकट पुरुषभर उंचीचा एक सुळका उरला. लोकांनी राखायचं तेवढं राखलं. पण एकट्या सुळक्याला आधार कसला? श्रावणात नळगंगेला पूर आला आणि एका सकाळी बाभूळ दिसेनाशी झाली. वहिनी आठ दिवस नदीवर पाण्याला गेली नाही.

आता त्या जागी सपाट शेत आहे, त्यात कपाशी असते. धुतलेली खापरं शाळेच्या कपाटात होती, शाळेची इमारत बदलली तेव्हा ती कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही. तेराव्याला दादाच्या मुलाने त्याची पेटी उघडली आणि आतली एक कापडाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. वर माझं नाव होतं. आत एकच तांबडं खापर, मातीने माखलेलं, त्याला दोऱ्याने बांधलेला कागद. एका बाजूला कुणा पोराची चुकलेली वजाबाकी. दुसऱ्या बाजूला दादाचं अक्षर: 'पूर्व कड, बाभूळ. चिमीच्या खाली तीन वीत.' पुरापूर्वी, सुळका उभा होता तेव्हा काढलेलं असणार.

नोंदी ठेवण्यात माझा भाऊ कच्चा नव्हता. त्याच्या चिठ्ठ्या मी जाळल्या. उरली ती ही एक. ती खापराला बांधलेली आहे, आणि खापरावरची माती अजून तशीच आहे.